न वापरलेली मटेरियल्स पर्ज करणं

रेंडरिंगच्या, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचा रंग, दगड, लाकूड, काच या सगळ्याला मटेरियल म्हणतात, आणि फाइलमध्ये पडून असलेली पण मॉडेलला कुठेच न लागलेली मटेरियल्स काढून टाकणं म्हणजे पर्ज करणं. बोलताना सगळे पर्ज मारणं असंच म्हणतात.

कचरा साठतो तो बहुतेक तयार मॉडेल्समुळे. इंदूरला रामबागेत मी घरूनच इमारतींचे व्ह्यू, म्हणजे अशी चित्रं, काढायचं काम करते, भाचा आर्किटेक्चर शिकतोय, त्याने राजवाड्याचं दर्शनी तोंड स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं, समोरच्या चौकात तयार माणसं, गाड्या आणून ठेवल्या. खालचे ३ मजले दगडी, वरचे लाकडी, म्हणजे १०-१२ मटेरियल्समध्ये काम व्हायला हवं, पण यादी उघडली तर १४० च्या वर, त्यात सोफ्याचं कापड, गाडीचा चकचकीत लाल, कुणाच्या तरी शर्टाच्या चौकड्या. म्हणे, "मावशी, ती माणसं तर मी कधीच उडवली!" उडवली होती, पण फक्त चौकातून, त्यांचा कंपोनंट, म्हणजे आणलेलं तयार मॉडेल, फाइलमध्येच होता आणि त्याने आपली मटेरियल्स धरून ठेवली होती. म्हणून आधी कंपोनंट पर्ज करायचे, मग मटेरियल्स, उलट केलं तर अर्धी तशीच राहतात. मॉडेल इन्फोमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये पर्ज अनयूज्ड आहे, ते सगळं एकदम करतं, मला तेच बरं वाटतं.

ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हीच साखळी आणखी स्पष्ट दिसते, ऑब्जेक्ट मेशला (त्याच्या आकाराच्या जाळीला) धरून, मेश मटेरियलला धरून, मटेरियल इमेजला धरून. प्रत्येकाला किती जण वापरतात त्याची मोजणी असते आणि शून्य झालेली गोष्ट सेव्ह करताना फाइलमध्ये जात नाही. पण ऑब्जेक्ट डिलीट केला तरी त्याची मेश मागे राहिलेली असते, म्हणून मटेरियलची मोजणी लगेच शून्य होत नाही. फाइल मेन्यूत क्लीन अपमध्ये पर्ज आहे, तिथे रिकर्सिव्ह चालू ठेवलं की साखळी शेवटपर्यंत साफ होते. आणि एक गोष्ट हमखास सुटते, ऑब्जेक्टच्या स्लॉटमध्ये (मटेरियल ठेवायच्या खणात) मटेरियल आहे पण एकाही फेसला, म्हणजे पृष्ठाला, लावलेलं नाही, तर ते वापरात असलेलंच धरलं जातं आणि पर्जला सापडत नाही, त्यासाठी न वापरलेले स्लॉट वेगळे काढावे लागतात.

पर्जने वेग नक्की कुठे वाढतो हे नीट समजून घ्यायला हवं. मटेरियल एडिटर उघडला की प्रत्येक मटेरियलचा छोटा गोळा रंगवून दाखवायचा असतो, यादी लांब असली की तिथेच लॅपटॉप अडकतो. फाइल उघडणं, सेव्ह होणं, ऑटोसेव्हच्या वेळी हँग होणं, यातही फरक पडतो. टेक्स्चरची, म्हणजे मटेरियलमधल्या इमेजची, गोष्ट तर बघाच, डिस्कवर ३-४ एमबीची वाटणारी ४०९६ × ४०९६ ची जेपीजी मेमरीत उघडली की ६४ एमबी होते, कारण प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, २०४८ ची केली तर १६ वरच भागतं. पण फायनल रेंडर पर्जने फारसा पळत नाही, जे मटेरियल कुठे लागलेलंच नाही ते रेंडर करणारं इंजिन सहसा हिशोबात घेतच नाही. व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना मॉडेल दिसतं ती खिडकी, जड असेल तर जी टेक्स्चर्स खरोखर लागलेली आहेत ती लहान करा. ब्लेंडरच्या सिम्प्लिफायमध्ये व्ह्यूपोर्टपुरती टेक्स्चरची मर्यादा घालता येते, मूळ इमेजला हात लावावा लागत नाही.

पर्जला तुमच्या मनातलं कळत नाही, पुढे लागेल म्हणून ठेवलेलं मटेरियलही त्याच्या दृष्टीने न वापरलेलंच. भाच्याने राजवाड्याच्या झरोक्यांसाठी जुन्या लाकडाचं एक मटेरियल दोन दिवस खपून बनवलं होतं, अजून लावलं नव्हतं, ते पण गेलं. अन्डू होईपर्यंत फाइल बंद झालेली. ब्लेंडरमध्ये अशा मटेरियलच्या नावाशेजारच्या ढालीवर क्लिक केलं की फेक यूजर, म्हणजे मोजणीपुरता एक खोटा वापरकर्ता, लागतो आणि ते टिकतं. स्केचअपमध्ये एका कोपऱ्यात चौकोन काढून त्याला लावून ठेवा किंवा आपल्या कलेक्शनमध्ये सेव्ह करा, आणि पर्जच्या आधी सेव्ह अ कॉपी करा, भाचा आता फाइलच्या नावापुढे तारीख टाकून ठेवतो.