नितंब व मांडीचे स्नायू, प्राण्यांतील

श्रोणिमेखला (कमरेच्या हाडांचे कडे) आणि तिच्या लगतचे मणके यांपासून निघून मांडीच्या हाडावर किंवा गुडघ्याखालील हाडांवर चिकटणाऱ्या स्नायूंचा समूह. चतुष्पाद सस्तन प्राण्यांत शरीर पुढे ढकलण्याच्या बळाचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो.

सस्तन प्राण्यांत नितंबाचे स्नायू, मांडीच्या पुढील बाजूचा चार शीर्षांचा (शीर्ष म्हणजे स्नायूचा उगमाकडील भाग) क्वाड्रिसेप्स, पाय मध्यरेषेकडे ओढणारे आतील स्नायू आणि मागील बाजूचे बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस व सेमिमेंब्रॅनोसस असे गट मानतात. घोड्यात ग्लुटिअस मीडिअस हा नितंबाचा मधला स्नायू इतका वाढलेला असतो की त्याचे टोक कमरेच्या स्नायूवर पुढे सरकलेले आढळते.

मागील गटाच्या उगमाबाबत मतभेद आहेत. कुत्र्यात हे तिन्ही स्नायू मुख्यतः आसनास्थीच्या (बैठकीच्या हाडाच्या) उंचवट्यापासून निघतात; घोड्यात मात्र त्यांना त्रिकास्थी (कमरेखालील जुळलेले मणके) व शेपटीचे मणके यांच्या बाजूने येणारे जादा शीर्ष असते. गाईबैलांत बायसेप्स व वरवरचा ग्लुटिअस एकजीव झालेले असल्याने त्या स्नायूला ग्लुटिओबायसेप्स म्हणतात. मणक्यांकडील शीर्ष हे बायसेप्सचेच, की त्यात सामावलेला ग्लुटिअस, हा प्रश्न केवळ स्थानावरून सुटत नाही. या शीर्षाला वरवरच्या ग्लुटिअसला जाणाऱ्या पश्च ग्लुटिअल तंत्रिकेचा (मज्जातंतूचा) पुरवठा असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि घोड्यात वरवरचा ग्लुटिअस स्वतंत्रपणेही टिकून असल्याने गाईबैलांवरून काढलेला निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

सरड्यांत व मगरींत मांडी मागे खेचण्याचे मुख्य काम शेपटीच्या मणक्यांपासून निघणारा कॉडोफेमोरॅलिस लाँगस करतो. पक्ष्यांत शेपूट आखूड झाल्याने कॉडोफेमोरॅलिस बारीक झाला असून काही पक्ष्यांत तो नाहीसाही झाला आहे. त्यांच्या अँबिएन्स या लहानशा स्नायूला वर्गीकरणात त्याच्या आकाराच्या मानाने बरेच महत्त्व लाभले. त्याची कंडरा (स्नायूच्या टोकाचा दोरीसारखा भाग) गुडघ्यावरून जाऊन बोटे मिटणाऱ्या स्नायूंना मिळते, म्हणून झोपेतही फांदीची पकड टिकण्याचे श्रेय पूर्वी त्याला देत. परंतु फांदीवर बसण्यात सर्वांत तरबेज असलेल्या चिमणीवर्गीय पक्ष्यांत तो नसतोच. इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ आल्फ्रेड हेन्‍री गॅरड यांनी 1874 च्या सुमारास अँबिएन्स असणे-नसणे या निकषावर पक्ष्यांचे दोन विभाग केले. ही विभागणी पुढे टिकली नाही, कारण जवळच्या नात्यातील पक्ष्यांतही हा स्नायू कोठे असतो, तर कोठे नसतो.