होर्मुझ पेटलं म्हणून नॅचरल गॅस घेऊ नका

पश्चिम आशियात एक क्षेपणास्त्र सुटलं की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो: "होर्मुझ बंद होणार, एनजी उचला." (होर्मुझ म्हणजे आखाती देशांचं तेल आणि गॅस जिथून बाहेर पडतो ती सामुद्रधुनी, एनजी म्हणजे नॅचरल गॅस.) जून 2025 मध्ये इस्रायल आणि इराणची जुंपली तेव्हा एका दिवसात तिघांनी पाठवला. तिघेही क्रूडमधले, म्हणजे कच्च्या तेलातले, जुने खेळाडू, आणि घोळ त्यातूनच होतो. एमसीएक्सवर, म्हणजे आपल्या कमोडिटी वायदेबाजारात, दोन्ही 'एनर्जी'च्या कप्प्यात एकाखाली एक दिसतात, म्हणून क्रूडमध्ये शिकलेलं जसंच्या तसं गॅसला लावायचं.

क्रूडचं तुम्हाला माहीत आहे, थोडक्यात उरकतो. तेल टँकरमध्ये भरलं की कुठेही जातं, म्हणून एका ठिकाणची भीती सगळीकडच्या भावात उतरते. 14 सप्टेंबर 2019 ला अबकैकच्या तेलप्रकल्पावर हल्ला झाला, सौदीचं रोजचं 57 लाख बॅरल उत्पादन थांबलं आणि सोमवारी ब्रेंट (जगभर प्रमाण मानला जाणारा तेलाचा भाव) साडेचौदा टक्के वर बंद झालं. महिनाअखेरपर्यंत बहुतेक तेजी जिरलीसुद्धा.

आता गॅस. एमसीएक्सवरचा नॅचरल गॅस म्हणजे जगाचा गॅस नव्हे. त्याचा भाव न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारावरून येतो आणि नायमेक्सचा वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा) बांधलाय हेन्री हबला. हे हेन्री हब म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं पाइपलाइनींचं जंक्शन. होर्मुझमधून निघणारा कतारचा गॅस तिकडे फिरकतही नाही.

"पण जगात टंचाई झाली तर अमेरिकेचा गॅस बाहेर जाईल ना?" जाईल, पण किती? गॅस जहाजात भरायचा तर उणे 162 अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करावा लागतो आणि तसं करणारी टर्मिनलं मोजकी आहेत. ती आधीच भरून चालत असतील तर युरोपने कितीही मोजले तरी जास्तीचा गॅस निघत नाही. सोसायटीची टाकी काठोकाठ भरलेली, बाहेर जायला पाइप मात्र पाऊण इंची. रस्त्यावर हंड्याला कितीही भाव येऊ दे, पाइपातून जायचं तेवढंच जाणार.

हे 2022 मध्ये लख्ख दिसलं. रशियाने पुरवठा आवळला आणि 26 ऑगस्टला युरोपचा टीटीएफ हा गॅसचा भाव मेगावॅट-तासाला 340 युरोंच्या घरात गेला. एमसीएक्सच्या मापात सांगायचं तर एमएमबीटीयूला शंभर डॉलरच्या आसपास. हेन्री हब त्या आठवड्यात दहा डॉलरच्या आसपास घुटमळत होता.

त्याआधीची गोष्ट तर आणखी बोलकी. 8 जूनला टेक्सासमधल्या फ्रीपोर्टच्या निर्यात टर्मिनलला आग लागली. 14 जूनला कळलं की पूर्ववत व्हायला महिने लागणार. युरोपात गॅस भडकला आणि हेन्री हब त्याच दिवशी सोळा टक्के आपटला, कारण बाहेर जाणारा माल घरातच अडकला. युक्रेनचं युद्ध चालू, जगभर टंचाईची बोंब, आणि इथे लाँग (भाव वाढेल म्हणून खरेदी) घेऊन बसलेल्याच्या हाती मार्जिन कॉल, म्हणजे आणखी पैसे भरा असा निरोप.

मग हा गॅस हलतो कशावर? मुख्यतः अमेरिकेच्या थर्मामीटरवर. शिकागोची जानेवारी, टेक्सासचा जुलै, आणि दर गुरुवारी आपल्या संध्याकाळी आठ वाजता (त्यांच्या हिवाळ्यात नऊ) येणारा अमेरिकेच्या गॅससाठ्याचा आकडा. त्यातही वायद्याला आजच्या थंडीपेक्षा बदललेला अंदाज जास्त चावतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठलं, विहिरींची तोंडं गोठली, 17 तारखेला हेन्री हबचा हजर भाव (लगेच उचलायच्या मालाचा) 23 डॉलरच्या वर गेला. मार्चचा वायदा तेव्हा साधारण तीनवर होता, कारण बर्फ वितळणार हे अंदाजात दिसत होतं.

चक्रीवादळाचंही तेच. "वादळ आलं, गॅस घ्या" हा मंत्र 2005 च्या कतरिनाचा आहे. तेव्हा मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरींना वजन होतं. आता बहुतेक गॅस जमिनीवरच्या शेल खडकांमधून निघतो. वादळाने किनाऱ्यावरची वीज जाते, टर्मिनलं बंद पडतात, म्हणजे मागणीच घटते. तरी दर सप्टेंबरला हा मंत्र कुणीतरी उकरून काढतंच!

राहता राहिला "सीएनजी महागला, आता एनजी पळणार" हा युक्तिवाद. सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर एप्रिल 2023 पासून आपल्या क्रूड बास्केटच्या (भारत आयात करतो त्या तेलाच्या सरासरी भावाच्या) दहा टक्के धरतात, वर कमाल मर्यादा. कतारशी असलेल्या मोठ्या दीर्घ करारांचा भावही क्रूडलाच जोडलेला. म्हणजे रिक्षाच्या सिलिंडरचं नातं निघालं क्रूडशी. एमसीएक्सवर त्याच नावाने जे विकलं जातं, त्याच्याशी नाहीच.