बायबलमध्ये "भिऊ नको" ३६५ वेळा आहे का?

"बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोब्बर ३६५ वेळा आलंय, वर्षाच्या रोज एकेक" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकून धीर येतो म्हणूनच लोक पुढे पाठवतात, पण आकडा खरा नाही.

बायबल ॲपमध्ये "भिऊ नको" सर्च करा, मग "भिऊ नका", "घाबरू नका" पण करा, सगळं मिळूनही ३६५ च्या खूप खाली राहतं, आणि भाषांतर बदललं की आकडाही बदलतो, कारण मूळ शब्द हिब्रू आणि ग्रीक. शिवाय हिब्रू वर्षाचे महिने चंद्रावर चालायचे, साधं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि अधिक महिना आला की ३८४ च्या आसपास, म्हणजे ३६५ चा मेळ तिथेच बसत नाही.

सर्चमध्ये आलेलं वचन मात्र तेवढंच वाचून सोडू नका, अख्खा अध्याय वाचा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १५:१ मध्ये (अध्याय १५, वचन १) देव "भिऊ नको" असं अब्रामाला (पुढे अब्राहाम) म्हणतो, आणि लगेच पुढच्या वचनात अब्राम विचारतो की मला मूलबाळ नाही, तू मला काय देणार? म्हणजे धीर मिळाल्यावरही प्रश्न उरलेच, आणि ते त्याने देवापुढेच मांडले, मला तर प्रार्थना हीच वाटते. रोजचं म्हणाल तर बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकातलं ३:२२-२३ बघा, देवाची दया रोज सकाळी नवी होते असं तिथे सरळ लिहिलंय.