मामाच्या जावाचा डावा सायलेन्सर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वेल्डरनं सायलेन्सर कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं आणि खालच्या शिवणीतून तपकिरी भुगा त्याच्या चपलेवर सांडला. मी म्हटलं, "गेला हा, भंगारात घालू या." तो म्हणाला, "हळेदु बिसाकब्याड्री." जुना टाकू नका. हे मला पटेपर्यंत दोन महिने गेले, आणि नव्या जोडीचे पैसेही.

गाडी मामाची, जुनी जावा मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ च्या सुमारास जावा निघू लागल्या, पुढं त्यांचीच येझदी झाली, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, २५० सीसीचा. पण धूर जायला त्याला वाटा दोन, म्हणून बेंड पाईप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळ्या, दोन आणि सायलेन्सरही दोन. कारखान्यातून आलेली मूळ जोडी आता मिळणं म्हणजे नशीबच. बाजारात मिळते ती हुबेहूब दिसणारी नक्कल. मी ती आणली. क्रोम असा, की आरशाची गरज नको.

जांबोटीच्या रस्त्याला चढ लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरवर मान टाकू लागली. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, टायमिंग तपासलं. फरक शून्य. शेवटी एका मित्रानं त्याच्या गाडीची मूळ जोडी दुपारपुरती दिली. तोच चढ, तीच गाडी, आणि ती निमूट वर गेली.

जावाचं इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनात धुराला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत भोक असतं; पिस्टन उतरताना ते उघडतं, चढताना झाकतं. गोची अशी की पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं तेव्हाही धुराचं दार उघडंच असतं. पाहुणे मागच्या दारानं निघालेत आणि त्यांच्या पाठोपाठ पुढून आलेलेही बाहेर चाललेत, असा प्रकार. त्यांना आवरायचं काम सायलेन्सरकडं असतं.

दार उघडताच दाबाची एक लाट नळीत सुटते. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तशी ही लाटही परतते. पण कशी परतायची ते नळीचा आकार ठरवतो. नळी जिथं रुंदावते तिथून मागं येते ती ओढणारी लाट. ती उरलासुरला धूर बाहेर खेचते. जिथं नळी आवळते किंवा पत्रा आडवा येतो, तिथून ढकलणारी लाट परतते. ती वेळेवर पोचली तर पळून निघालेलं पेट्रोल पुन्हा सिलिंडरात कोंबते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला १३ मिलिसेकंद लागतात. धुराचं दार ३६० पैकी साधारण १६० अंश उघडं राहतं असं धरलं, तर हातात सहा मिलिसेकंदही येत नाहीत. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतो. तेवढ्या वेळात त्याचं अंतर जेमतेम तीन मीटर, म्हणजे जाऊन येऊन दीड-दीड मीटर. मोटारसायकलच्या नळीची लांबीही याच घरातली. मग सायलेन्सरच्या आत आडवी बसवलेली जाळी चार बोटं मागंपुढं झाली तर बिघडणारच की!

पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा अभियंता वॉल्टर काडेन यानं हे गणित शर्यतीच्या गाड्यांत टोकाला नेलं. १९६१ साली त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडं गेला, हे गणित घेऊन सुझुकीला मिळाला, आणि १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुझुकीच्या गाडीवर जिंकला. एका नळीच्या आकारापायी एवढं राजकारण! आपली जावा रस्त्यावरची साधी गाडी, पण नियम तेच.

वेल्डरनं एक नवा, एक जुना असे दोन सायलेन्सर उभे चिरले. नव्यात नुसती भोकं पाडलेली सरळ नळी. जुन्यातली जाळी गंजून सुटली होती, पण ती कुठं बसायची त्याचे डाग पत्र्यावर शाबूत होते. त्यानं खडूनं मापं घेतली. 'टाकू नका' ते यासाठी.

मग जुना सायलेन्सर आतूनच का कुजला? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. नळी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पण कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढली, तर पाणी गार पत्र्यावर साचतं. बाहेर क्रोम असतो, आत नसतो. मुलामा देताना वीज पोकळ नळीच्या आत नीट पोचत नाही. आत राखण करतो तो टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचा चिकट थर. आमची गाडी बेळगावचे कितीतरी पावसाळे न हलता उभी होती. शिवाय कोणीतरी एकदा ती नळी आतून कॉस्टिक सोड्यानं लख्ख धुतली होती. (तो कोणीतरी मीच.) सोड्यानं काजळी जाते, तसं ऑइलही जातं. धुतल्यावर लगेच ऑइल फिरवायला हवं होतं. आणि तो सोडा ॲल्युमिनियमच्या भागांना लावू नका. धातू खातो आणि हायड्रोजन सोडतो.

पिचकलेला बेंड पाईप वेल्डरनं फाउंड्रीतल्या वाळूनं ठासून भरला, तोंडं बंद केली आणि तापवून वळवला. वाळू भरल्यामुळं नळी आत चेपत नाही. पण आधी ती वाळू त्यानं कढईत अर्धा तास भाजली. ओल राहिली तर पाण्याची सोळाशे पट वाफ होते आणि नळी तोफ बनते.

क्रोमचा थर मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, त्याला बारीक भेगा असतातच. गंज खरा अडवतो तो खालचा निकल. म्हणून मुलाम्याच्या दुकानात मी निकल किती जाड देता, एवढंच विचारलं.

डावा सायलेन्सर चढलाय. उजवा अजून वेल्डरकडं आहे, चिरलेला, आत खडूच्या रेघा. तोवर उजवीकडं ती चकचकीत नक्कल. चालू केली की दोन बाजूंनी दोन वेगळे आवाज येतात, आणि मामा डावीकडंच उभा राहतो.