अ‍ॅम्नेस्टी म्हणजे 'सगळ्या कैद्यांना सोडा' असं नाही हो

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ह्या मानवाधिकार संघटनेचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, हे लोक गुन्हेगारांना, अतिरेक्यांना सोडवत फिरतात. कितीतरी वर्षं ऐकतोय हे, आणि ते खरं नाही.

१९६१ मध्ये पीटर बेनेन्सन नावाच्या ब्रिटिश वकिलाने 'ऑब्झर्व्हर' पेपरात विसरलेल्या कैद्यांवर लेख लिहिला, तिथून ही चळवळ सुरू झाली. मागणी एवढीच की नुसत्या विचारांसाठी, धर्मासाठी किंवा बोलण्यासाठी ज्यांना आत टाकलंय त्यांना बिनशर्त सोडा. पण अट कडक होती, त्या माणसाने हिंसा केलेली किंवा तिचा पुरस्कार केलेला नको. ही अट इतकी गंभीरपणे पाळली की १९६४ मध्ये खुद्द नेल्सन मंडेलांना अशा कैद्यांच्या यादीत घेतलं नाही, कारण त्यांनी सशस्त्र लढ्याचा मार्ग धरला होता!

मग बाकीच्या कैद्यांचं काय? त्यांना सोडा असं म्हणत नाहीत, खटला नीट चालवा, मारहाण-छळ करू नका, फाशी देऊ नका असं म्हणतात, आणि हे अगदी खुन्याच्या बाबतीतही, कारण गुन्हा सिद्ध झाला म्हणून माणूसपण जात नाही, मला तरी हे मनापासून पटतं.

आणि हत्यार काय, तर पत्रं. जगभरातले साधे लोक एकाच कैद्यासाठी त्या सरकारला पत्रं पाठवत राहतात, म्हणजे तुरुंगवाल्यांना कळतं की ह्या माणसावर बाहेर कोणाचं तरी लक्ष आहे.