दिसते ती शीर, बघायची दुसरीच

सनईवाला सूर लांबवतो तेव्हा त्याच्या मानेवर, जबड्याच्या कोपऱ्यापासून कॉलरबोनपर्यंत, एक शीर टरारून वर येते. तीच एक्स्टर्नल जुग्युलर व्हेन, म्हणजे मानेची बाहेरची शीर. तिचे स्वतःचे आजार मोजकेच: कधी कॅथेटरमुळे (शिरेत घातलेल्या बारीक नळीमुळे) धरलेली गुठळी, कधी खोकल्यासरशी फुगणारी आणि बहुधा निरुपद्रवी असलेली मऊ गाठ. वैद्यकात तिचं नाव झालं ते हृदयाच्या चहाड्या करण्यामुळे.

पोपचे वैद्य जोव्हानी मारिया लान्सिसी यांनी या चहाड्या फार लवकर टिपल्या. हृदयाची उजवी बाजू फुगलेल्या रुग्णांत ही शीर तट्ट भरलेली दिसते आणि ठोक्याबरोबर हलते, असं त्यांनी लिहून ठेवलं. लान्सिसी 1720 साली वारले आणि ग्रंथ छापला गेला 1728 मध्ये. पुढे 1873 मध्ये जर्मनीच्या अडोल्फ कुसमाउल यांनी एक उलटी खूण सांगितली. श्वास आत घेताना मानेच्या शिरा एरवी ओसरतात. हृदयाभोवतीचं आवरण घट्ट आवळलेलं असेल तर त्या उलट फुगतात.

खरा ध्यास घेतला जेम्स मॅकेंझी यांनी, आणि तोही कुठल्या विद्यापीठात बसून नव्हे. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावात ते साधी डॉक्टरकी करत. रुग्णाच्या मानेवर छोटी वाटी टेकवायची, तिच्यातली हवेची थरथर नळीतून काट्यापर्यंत न्यायची आणि नाडीबरोबरच शिरेचाही आलेख काढायचा, अशी त्यांची रीत. सुरुवातीला हे काम काजळी धरलेल्या कागदावर चाले. नंतर शेजारच्या पॅडिहॅमच्या घड्याळजीकडून त्यांनी शाईने लिहिणारं यंत्र बनवून घेतलं. आजही शिकवल्या जाणाऱ्या ‘ए’, ‘सी’ आणि ‘व्ही’ या लाटांची नावं त्यांचीच. 1902 च्या त्यांच्या ग्रंथात त्या सविस्तर येतात. वर्षानुवर्षं पाहिलेल्या एका रुग्णाच्या आलेखातून ‘ए’ लाट अचानक नाहीशी झाली आणि नाडीही बेताल झाली. त्या कोड्याला पुढे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची (कर्णिकांची) बेताल थरथर, हे नाव मिळालं.

1930 मध्ये थॉमस लुईस यांनी या पाहणीला मोजपट्टी दिली: छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून शिरेतलं रक्त किती उंच चढलंय ते मोजायचं. जेव्हीपीची, म्हणजे मानेच्या शिरेतल्या दाबाची, तपासणी आजही तिथूनच सुरू होते.

पण याच काळात बाहेरच्या शिरेची पत घसरली. ती वळण घेते, जाड पडद्यातून आत शिरते, मध्ये झडपा आहेत. त्यामुळे ती फुगलेली दिसली तरी दाब हृदयाचाच आहे याची खात्री नाही. पुस्तकं सांगू लागली, आतली इंटर्नल जुग्युलर बघा, ती उजव्या कर्णिकेच्या सरळ रेषेत आहे. आता ती स्नायूखाली दडलेली, त्वचेवर उमटते ती नुसती लवलव! वॉर्डात 45 अंशांवर टेकवलेल्या रुग्णाच्या मानेकडे डोळे बारीक करून बघणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल तिथूनच सुरू झाले.

बाहेरच्या शिरेतून कॅथेटर घालणाऱ्यांनाही तिचं तेच वळण नडायचं. 1974 मध्ये इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं टोक वाकवलेली तार वापरून ब्लिट आणि सहकाऱ्यांनी ते पार केलं. तपासणीतली पत परतायला मात्र 2006 उजाडलं. शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या 35 रुग्णांत बाहेरच्या शिरेवरून बांधलेला अंदाज कॅथेटरने मोजलेल्या दाबाशी ताडून पाहिला, आणि तो चांगला जुळला.