बूट सेक्टर

बूट सेक्टर म्हणजे डिस्कवरचे सर्वांत पहिले ५१२ बाइट. जुन्या पद्धतीच्या पीसीचे बटण दाबले की बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्रॅम) यंत्राची तपासणी करतो, हे ५१२ बाइट मेमरीत आणून ठेवतो आणि प्रोसेसरला तिकडे धाडतो. ऑपरेटिंग सिस्टीम अजून आलेली नसते, फाइल नावाची गोष्ट नसते, चुकले तर सांगणारे कोणी नसते. स्वतःचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहायला बसलेल्याने ग्रबसारख्या आयत्या बूटलोडरकडे (कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रॅमकडे) वळण्याआधी ही मजल एकदा तरी स्वतःच्या हाताने मारावी.

बायोस हे बाइट जिथे ठेवतो तो पत्ता ठरलेला आहे : हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ७सी००, दशमानात ३१,७४४. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीपासून तो बदललेला नाही. डॉस ही त्या वेळची ऑपरेटिंग सिस्टीम ३२ किलोबाइटांत चालवायची होती. सुरुवातीची जागा तिला मोकळी मिळावी म्हणून बूट सेक्टर शेवटच्या एका किलोबाइटात बसवला; ३२,७६८ मधून १,०२४ वजा केले की हाच आकडा येतो. सेक्टरच्या शेवटी हेक्स ५५ आणि एए हे दोन बाइट सहीसारखे असावे लागतात. बिटांत मांडले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एकाच्या उलट दुसरा. ही सही एका बाइटाने जरी सरकली तरी बहुतेक बायोस ती डिस्क बूट करण्याजोगी मानत नाहीत.

या क्षणी प्रोसेसर ‘रिअल मोड’मध्ये असतो, म्हणजे इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरसारखा वागतो. ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०८६ ची असेंब्ली (प्रोसेसरच्या आज्ञांची भाषा) शिकवतात आणि मुले ती प्रॅक्टिकलपुरती उरकतात. बूट सेक्टर लिहिताना तीच असेंब्ली हातातल्या लॅपटॉपवर थेट चालते, आणि उरकलेले प्रयोग पुन्हा काढून बघावेसे वाटतात.

रिअल मोडमध्ये पत्त्याचे दोन भाग असतात, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता निघतो. नवी मुंबईकराला हे समजायला जड जाऊ नये. रिक्षात बसून नुसते ‘सेक्टर १० ला सोडा’ म्हटले तर भागत नाही. सेक्टर १० वाशीलाही आहे, नेरुळलाही आणि ऐरोलीलाही. आपण नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारखा शहराचा भाग, सांगितला नाही, तर बसलो त्याच नोडमधला सेक्टर रिक्षावाला धरून चालतो. प्रोसेसरही असाच धरून चालतो : नुसता ऑफसेट दिला तर सेगमेंट म्हणून डीएस रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या एका छोट्या खणात) आधीपासून जे असेल ते घेतो. उपमा एका जागी मात्र तुटते. ०७सी०:०००० आणि ००००:७सी०० हे एकाच जागेचे दोन पत्ते आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आखणीत तसे होत नाही.

नवशिक्याची नेहमीची चूक इथलीच. पडद्यावर छापायच्या संदेशाचा ऑफसेट बरोबर दिलेला असतो, पण डीएस शून्य करायचे राहून जाते. क्यूएमूमध्ये (पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ते बहुधा शून्यच मिळते, म्हणून अक्षरे नीट उमटतात. तोच सेक्टर पेनड्राइव्हवर घालून घरातल्या जुन्या लॅपटॉपला लावला की पडद्यावर हसरे चेहरे, खेळायच्या पत्त्यांतले बदाम-इस्पिक आणि तुटक्या रेघा येतात, नाहीतर काहीच येत नाही. उपाय चार बाइटांचा आहे : एएक्स हे दुसरे रजिस्टर स्वतःशीच एक्सऑर करून (सारख्या बिटांचे शून्य होते) शून्य करायचे आणि ते डीएसमध्ये टाकायचे.

पुढे मार्च १९८३ च्या पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि डिस्कचे भाग नोंदवणाऱ्या पार्टिशनच्या कोष्टकाने बूट सेक्टरातले ६४ बाइट घेतले. सहीचे दोन वजा जाता आज्ञांना उरले ४४६. तेवढ्यात स्टॅक (मेमरीतली तात्पुरत्या नोंदींची जागा) उभारायचा, डिस्कवरून कर्नल वाचून आणायचे, प्रोसेसर रिअल मोडमधून जास्त मेमरी वापरता येणाऱ्या प्रोटेक्टेड मोडमध्ये न्यायचा आणि कर्नलमध्ये उडी मारायची. मावले नाही तर लोडरचे दोन टप्पे करतात. नवी यंत्रे बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने सुरू होतात आणि बूट सेक्टरऐवजी फाइलमधला पुरा प्रोग्रॅम चालवतात. म्हणून सरावाला जुना लॅपटॉप किंवा क्यूएमू बरा.

पहिला संदेश मराठीत उमटावा असे कोणालाही वाटेल. बायोसच्या टेक्स्ट मोडमधल्या २५६ ठरीव चिन्हांत देवनागरी नाही, म्हणून बहुतेक जण रोमन लिपीत काहीतरी छापून पुढे जातात. तसे करू नये. ३२० बाय २०० ठिपक्यांचा ग्राफिक मोड पाच बाइटांच्या आज्ञांत मिळतो. त्याची मेमरी हेक्स ए०००० पासून सुरू होते, एका ठिपक्याला एक बाइट. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ घरे आखून न, म, स्, का, र असे पाच तुकडे रंगवले तर प्रत्येकी ३२, म्हणजे एकूण १६० बाइट लागतात. रंगवताना दिसते की पाचही तुकड्यांच्या माथ्यावरच्या दोन ओळी सारख्याच आहेत, सगळे बिट १, कारण तिथे शिरोरेषा आहे. त्या ओळी साठवूच नयेत. तुकड्यामागे चार बाइट सुटतात. रेघ ओढायच्या आज्ञा सोळा-अठरा बाइट खातात, तेव्हा एका शब्दात हाती फारसे लागत नाही, पण तुकडे वाढतात तशी बचत वाढत जाते. आधी अक्षरे ठेवायची आणि मग त्यांच्यावरून ८० ठिपक्यांची एक सलग रेघ ओढायची, पाटीवर लिहिताना ओढतो तशी.